विसाव्या दिवसाचं पाणी

माझ्या मावशीकडे मुक्कामाला जाणाऱ्याने आंघोळ घरूनच करून जावी. तिच्या न्हाणीघरातल्या टबात गांडुळं आहेत. एक-दोन नाहीत, तिच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस हजार. "मोजलीस का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एका ओंजळीतली मोजली आणि टबात किती ओंजळी बसतात त्याने गुणलं. तुला शाळेत नक्की काय शिकवलं?" मावशीला काही विचारायचं म्हणजे हा धोका पत्करावा लागतो.

टबावर ओलं गोणपाट असतं. त्याखाली कोबीची पानं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, फाडलेले पुठ्ठे आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या गोठ्यातलं शेण. हे सगळं गांडुळं खातात आणि दोन-अडीच महिन्यांत चहापत्तीसारखं काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. टब पुरेना तेव्हा मावशीने गच्चीवर लाकडी खोकी मांडली. शेजारपाजारचे तिला गांडूळमावशी म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. माझ्या आईला मात्र वाटतं. आई तिची धाकटी बहीण. "सगळ्यांच्या बहिणी निवृत्त झाल्यावर विणकाम करतात," असं ती दर आठवड्याला एकदा तरी म्हणते.

मावशी चौतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्या धुणं, बाटल्या भरणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि विद्यार्थ्यांनी सांडलेलं पुसणं, असं तिचं काम. प्राध्यापक आले आणि गेले, मावशी तिथेच राहिली. निरोपाच्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते चार मिनिटं पुढे जातं हे तिने घरी येताच ताडलं आणि काट्यांखाली एक चिठ्ठी चिकटवली: 'चार मिनिटं पुढे.' घड्याळ अजून तसंच आहे. दुरुस्त का करत नाहीस, तर म्हणे, "लिहिलंय ना? मग कोणाची फसवणूक होते?"

अशा बाईने आमचा कारखाना वाचवला, असं मी सांगितलं तर माझे बाबा मध्येच म्हणतील, "आधी बुडवत आणला होता, तेही सांग." तेही सांगते.

आमचा कारखाना म्हणजे एका लांबट शेडमध्ये ओळीने मांडलेल्या टाक्या. पितळी नळ, दारांच्या मुठी, सायकलींची हँडल्स असं सगळं आमच्याकडे मळकट येतं आणि निकेल चढून चकचकीत होऊन जातं. बाबा मालक, मी ऑर्डरी आणि फोन सांभाळते, आणि टाक्यांवर राज्य फोरमनकाकांचं. काका बाबांच्याही आधीपासूनचे, म्हणजे आजोबांच्या वेळचे. हाताखाली पाच कामगार. काकांचा एकच मंत्र: आंघोळीशिवाय निकेल धरत नाही. नळ आला की आधी त्याचं तेल काढायचं, मग ॲसिडच्या टाकीत बुडवून त्याला आंघोळ घालायची, मग पाण्यात खळबळायचा, आणि मगच निकेलच्या हिरव्या टाकीत सोडायचा. अंगावर कणभर मळ राहिला तरी निकेलचा पापुद्रा सुटतो. काकांच्या हातून गेलेल्या नळाचा पापुद्रा चाळीस वर्षांत सुटलेला नाही. हे काका स्वतः सांगतात, आणि ते खरं आहे.

गोची होती ती खळबळलेल्या पाण्याची. हिरव्या टाकीतून वर काढलेला नळ धुतला की त्याला लागलेलं थोडं निकेल पाण्यात उतरतं, आणि आमचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या नाल्यात जात होतं. त्या नाल्यावर पुढे एक नर्सरीवाला आहे. त्याची रोपं पिवळी पडू लागली. आधी त्याने बियाण्याला शिव्या दिल्या, मग खताला, आणि शेवटी कोणीतरी त्याला आमच्याकडे बोट दाखवलं. त्याने तक्रार केली आणि जलविभागाच्या बाई बाटल्यांची पेटी घेऊन आल्या. पहिला नमुना नापास. दोन महिन्यांनी दुसरा, तोही नापास. तिसरा नापास झाला तर कारखान्याला सील, असं पत्र आलं. पाणी शुद्ध करायचं यंत्र बाबांनी मागवलं होतं, पण ते यायला सहा महिने, आणि तिसरा नमुना चार महिन्यांवर. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना ते भिंतीकडे बघत बसायचे आणि आई त्यांच्या पानात वाढत राहायची.

मावशी एका संध्याकाळी ते पत्र वाचून म्हणाली, "भाऊजी, माझ्याकडचं खत वापरून बघा."

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. खो खो हसले. "ताई, कारखाना आहे तो. कुंडी नाही."

मावशीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन कारखान्यात आली आणि माझ्या टेबलावरच्या ऑर्डरी खुशाल बाजूला सारून तिथे दुकान मांडलं. बूड कापलेली एक प्लास्टिकची बाटली उलटी टांगली, तोंडाला फडकं बांधलं, आत धुऊन घेतलेलं खत भरलं. धुण्याच्या टाकीतलं हिरवट पाणी वरून ओतलं. खालून थेंब थेंब पडायला लागले, चहासारखे तपकिरी.

"वा!" बाबा म्हणाले. "हिरवं होतं ते मळकं केलंत."

"मळ दिसतो म्हणून तुम्ही घाबरता, आणि विष दिसत नाही म्हणून घाबरत नाही." मावशीने पिशवीतून एक छोटी कुपी काढली. तिच्यातले दोन थेंब टाकले की पाण्यात निकेल असेल तर ते गुलाबी होतं. टाकीतल्या पाण्यात टाकले, ते भडक गुलाबी झालं. खतातून आलेल्या पाण्यात टाकले. आम्ही तिघं डोळे फाडून बघत होतो. पाणी तपकिरीच राहिलं.

कॉलेजात एका विद्यार्थिनीने असा प्रयोग वर्षभर केला होता. काचेच्या नळ्यांत गांडूळखत भरायची आणि वरून निकेल, शिसं, जस्त असल्या धातूंचं पाणी सोडायची. नळ्या भरायचं काम मावशीचं. धातू खताला चिकटून राहतात आणि पाणी सुटं होऊन खाली येतं, हे तिने रोज डोळ्यांनी बघितलं होतं. वापरलेल्या नळ्या बंद डब्यात जायच्या, कारण ते खत आता खत राहिलेलं नसायचं.

बाबांनी हात टेकले. आठवड्याभरात टाक्यांच्या शेवटी दोन उंच निळी पिंपं उभी राहिली, तळाशी खडी आणि फडकं, वर मावशीचं खत. गांडुळं घरी, खत कारखान्यात, असा बंदोबस्त. पिंपांतून आलेलं पाणी एका शेवटच्या टाकीत साठायचं. मावशी रोज सकाळी थेंब टाकून बघायची, आणि मगच नाल्यात पाणी सोडणारा कॉक उघडायची. एक पिंप साधारण तीन आठवडे चालायचं. मग खत निकेलने भरायचं आणि थेंब फिकट गुलाबी व्हायला लागायचे.

भरलेल्या खताचं काय करायचं, हा नवा घोर. दिसायला इतकं सुरेख, काळंभोर, की माझ्या आईने आपल्या कुंड्यांसाठी एक डबा मागितला. मावशी तिच्या अंगावर अशी खेकसली की आई दोन दिवस माहेरच्या आठवणी काढून रुसली, आणि माहेर तर दोघींचं एकच. ते खत झाकण लावून, वर 'निकेल आहे, हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवून, शेडच्या मागे ठेवायचं. धोक्याचा कचरा नेणारी गाडी महिन्यातून एकदा यायची आणि एका वेळी एकच पिंप न्यायची. मागचं अंगण भरायला लागलं. बाबा म्हणायचे, "पाणी स्वच्छ होईल आणि आपण पिंपांत राहायला जाऊ."

तरी सगळे खुशीत होते. फोरमनकाका तर मावशीच्या प्रेमातच पडले होते म्हणा ना. म्हणजे तिच्या कामाच्या. चाळीस वर्षांत आपल्यासारखं नीटनेटकं काम करणारं माणूस पहिल्यांदा भेटलं, असं ते मला दोनदा म्हणाले. आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी घात केला.

तिसऱ्या नमुन्याचा दिवस. बाई अकराला येणार होत्या. मी आणि मावशी आठला पोचलो तर काका सातपासून आलेले, हातमोजे घातलेले, चेहऱ्यावर न्हाऊमाखू घातलेल्या बाळाच्या आजीचं समाधान. म्हणाले, "ताई, तुमच्या दोन्ही पिंपांना मस्त आंघोळ घातली."

मावशी जागच्या जागी थांबली. "कशाने?"

"कशाने म्हणजे? ॲसिडने. हलक्या. फार मळली होती हो. मळावर निकेल धरत नाही. आता बघा कसं पकडतंय ते."

मावशी धावत शेवटच्या टाकीपाशी गेली. पाणी हिरवंगार होतं. आमच्या निकेलच्या टाकीतलं लाजेल इतकं हिरवं. ॲसिड लागताच खताने तीन आठवडे जिवापाड धरून ठेवलेलं सगळं निकेल एका झटक्यात सोडून दिलं होतं. कुपीतून थेंब टाकायची गरजच नव्हती. नशीब एवढंच, की कॉक उघडायचा मान मावशीचा म्हणून काकांनी त्याला हात लावला नव्हता.

काकांना समजलं तेव्हा ते मटकन खाली बसले. चाळीस वर्षं जे करून त्यांचं नाव झालं, नेमकं तेच करून त्यांनी आमचा गळा कापला होता. त्यांनी हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि टाकीच्या कडेवर ठेवून दिले. "मी उद्यापासून येत नाही," एवढंच बोलले. मला रडू आलं. रागही आला. नमुन्याच्या दिवशी कोणी असले नाद करतं का!

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी टाकी बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाइप लावा. निम्मं पाणी काढून पिंपात भरा आणि वरून नळाचं साधं पाणी सोडा, हिरवं दिसेनासं होईपर्यंत."

"आणि बाई विचारतील तेव्हा?" मावशीने विचारलं.

"विचारतील तेव्हा गप्प बसायचं! सात घरं आहेत या शेडवर, ताई."

"सात नाही, आठ. तो नर्सरीवालाही धरा." मावशीने कॉकवर हात ठेवला. ती काही धिप्पाड बाई नाही, पण त्या कॉकवरून तिला हलवायला क्रेन लागली असती. "पातळ केलं म्हणून निकेल कमी होत नाही, भाऊजी. फक्त बाटलीत कमी दिसतं. मी असली बाटली भरणार नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी बाबांच्या बाजूची होते.

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. उंच, सडपातळ, कपाळावर कायमची आठी. मावशीने त्यांना सरळ टाकीपाशी नेलं आणि घडलेलं सगळं सांगितलं, काकांचं नाव न घेता. "आमच्याकडून पिंपं ॲसिडने धुतली गेली," असं म्हणाली. बाईंनी हिरवं पाणी बघितलं. मग म्हणाल्या, "या रस्त्यावर माझे आणखी तीन नमुने आहेत. तुमचा शेवटी घेते, चार वाजता. तोपर्यंत नाल्यात एक थेंब जरी गेला तर मी बाटलीसुद्धा उघडणार नाही, सरळ सील लावीन."

अकरा ते चार, पाच तास. हिरवं पाणी झाकणाच्या पिंपात भरून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं. निळी पिंपं रिकामी केली. आता भरायला ताजं खत हवं होतं, आणि ते होतं मावशीच्या घरी, चाळीस हजार मालकांसकट. टेम्पो गेला आणि टब, खोकी, सगळंच घेऊन आला. पुढच्या अंगणात मोठं प्लास्टिक अंथरलं आणि खत त्यावर ओतलं.

"आता यातून गांडुळं निवडायची," मावशी म्हणाली. "एकही पिंपात जाता कामा नये. निकेलच्या पाण्यात ती मरतात."

आमचे कामगार आयुष्यभर ॲसिडशी खेळलेले. उकळत्या टाकीवर वाकून गप्पा मारणारी माणसं. पण ते वळवळणारं खत बघून पाचही जण दोन पावलं मागे सरले. त्यातला सगळ्यात दांडगा, ज्याला आम्ही पैलवान म्हणतो, तो तर म्हणाला, "मावशी, हे चावतात का?"

"तुला चव असेल तर चावतील," मावशी म्हणाली, आणि बाह्या सावरून खाली बसली.

युक्ती सोपी होती. गांडुळाला उजेड सोसत नाही. खताचे छोटे छोटे ढीग करून उन्हात ठेवायचे, की गांडुळं तळाशी पळतात. वरचं खत हलकेच खरवडून घ्यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी तळाशी नुसता गांडुळांचा गुंता उरतो, तो उचलून खोक्यात. साठ-सत्तर ढीग झाले, एकेकाच्या वाट्याला नऊ-दहा, आणि सगळे उकिडवे. मीही बसले. पहिली दहा मिनिटं अंगावर काटा, मग सवय झाली. पैलवान तर पुढे पुढे त्यांना दटावायला लागला, "चल रे, खाली चल, उजेडात काय बसलायस."

फोरमनकाका एका बाजूला भिंतीला टेकून उभे होते. मावशीने मान वर न करता हाक मारली, "काका, उद्यापासून येणार नाही म्हणालात ना? आज तर आहात. या, बसा." ते आले आणि बसले. मग मात्र त्यांच्याइतकं स्वच्छ कोणाला निवडता आलं नाही.

शेवटी आले बाबा. बराच वेळ ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. मावशीच्या समोरच्या ढिगापाशी बसले, डोळे मिटून हात घातला आणि त्यांच्या तोंडून लहान मुलीसारखी किंकाळी निघाली. सगळे कामगार हसू दाबायला खाली वाकले. मावशीने दाबलं नाही. पोट धरून हसली. तिला पाहून आधी काका आणि मग बाबा स्वतःही हसायला लागले, हातात गांडूळ तसंच.

तीनला पिंपं भरली. खत आधी साध्या पाण्याने धुतलं, मग धुण्याच्या टाकीतलं पाणी हळूहळू सोडलं. पावणेचारला शेवटच्या टाकीत पुरेसं पाणी जमलं. मावशीने थेंब टाकले. आम्ही सगळे तिच्या खांद्यांवरून वाकलेलो. पाणी तपकिरीच राहिलं, गुलाबी छटासुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी तर पैलवानाला मिठीच मारली.

चारला बाई आल्या, पेटी उघडली, बाटली काढली. आणि माझी मावशी म्हणाली, "घ्या, पण एक सांगते. हे आजचं पाणी आहे. खत आत्ताच भरलंय, ते पास होणारच."

"मग?"

"विसाव्या दिवशी पिंप भरत येतं. तेव्हा जे पाणी निघतं ते खरं. तुम्ही तेव्हा या."

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग दुप्पट होऊन परत आला. पास होणारा नमुना समोर, बाटलीच्या तोंडाशी, आणि मावशी तो परत करत होती.

बाईंच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच हलली. "इतकी वर्षं मी लोकांना पकडत फिरते," त्या म्हणाल्या. "कोणत्या दिवशी या म्हणजे आम्ही सापडू, हे अजून कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी बाटली पेटीत ठेवली, वहीत काहीतरी लिहिलं. "विसाव्या दिवशी येते. सीलचे कागद बरोबर आणीन."

त्या गेल्यावर बाबा जे बोलले त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच: "ताई, का? का पण?"

"त्याच्या रोपांना तारीख कळत नाही, भाऊजी," मावशी म्हणाली. "ती विसाव्या दिवशीचंही पाणी पितात."

पुढचे तीन दिवस बाबा मावशीशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. दोघं एका टाकीच्या दोन बाजूंना उभे, आणि बाबा मला सांगणार, "तुझ्या मावशीला विचार, कॉक उघडायचा का." मावशी मला सांगणार, "तुझ्या बाबांना सांग, मी बहिरी नाही." चौथ्या दिवशी मी दोघांना सांगितलं की मी ऑर्डरी घेते, निरोप घेत नाही. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

काका मात्र खरंच यायचे थांबले होते. मावशी त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होते. काका दारातच म्हणाले, "ताई, माझ्याच्याने आता टाकीपाशी उभं राहवणार नाही."

"तुम्ही नाही आलात तर आंघोळ कोण घालणार?"

काकांना वाटलं ती चेष्टा करतेय. मावशी चेष्टा करत नव्हती. तीन दिवस तिच्या डोक्यात तेच चालू होतं. ॲसिडने खत निकेल सोडतं. सगळं सोडतं, आणि थोड्याशा पाण्यात सोडतं. मग मागच्या अंगणात जी पिंपंच्या पिंपं साठली आहेत, त्यांना मुद्दाम आंघोळ घातली तर? तेवढं निकेल एका बादलीत येईल. गाडीला पिंपाऐवजी बादली देता येईल, आणि धुतलेलं खत पुन्हा निकेल धरायला मोकळं. कॉलेजात वर्षभर नळ्या भरून हे कोणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही. "पण ॲसिड किती हलकं, किती वेळ, हे मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "नळाला किती वेळ आंघोळ घालायची हे तुम्हाला हाताला कळतं. ते मला शिकवा."

दुसऱ्या दिवशी सातला काका टाकीपाशी हजर होते.

मग दोघांनी मिळून काय काय केलं ते मी जवळून बघितलं. ॲसिड जास्त झालं की खताचा लगदा व्हायचा, कमी पडलं की निकेल निघायचं नाही. काका पाण्याच्या रंगावरून वेळ सांगायचे, मावशी वहीत लिहायची. आंघोळीनंतर खतात चुन्याचं पाणी घालून ॲसिड मारायचं, कागदाच्या पट्टीने तपासायचं, मगच ते पुन्हा पिंपात. छोट्या बाटल्यांत करून बघितलं तर एकच खत तीन आंघोळी सोसायचं, चौथीला दमायचं. मध्ये एकदा बाबांना अक्कल सुचली आणि त्यांनी ते हिरवं पाणी गुपचूप निकेलच्या छोट्या टाकीत घालून बघितलं. फुकटचं निकेल, कशाला वाया घालवा! नळ निघाले ते देवी आल्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे. काकांनी ते बारा नळ बाबांच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले.

विसाव्या दिवशी बाई आल्या. सीलचे कागद खरंच आणले होते, वर दिसतील असे. सकाळी मावशीने थेंब टाकले तेव्हा पाण्यावर फिकट, अगदी फिकट गुलाबी झाक आली होती. तिने ती बाईंना स्वतःहून दाखवली. बाईंनी बाटली भरली, बूच लावलं, सही घेतली. मग मागच्या अंगणात गेल्या. मागच्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, आता दोन पिंपं आणि तीन झाकणाच्या बादल्या होत्या. त्यांनी विचारलं, मावशीने समजावलं, काकांनी ॲसिडची टाकी दाखवली. बाई बराच वेळ प्रश्न विचारत होत्या आणि लिहीत होत्या. "ही धुण्याची कल्पना तुमची?" असं त्यांनी जाता जाता मावशीला विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली आणि काकांकडे हात केला. "पहिली आंघोळ त्यांनी घातली. मी नंतर शिकले."

अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आईने बाबांच्या पानात दुप्पट वाढलं आणि बाबांनी निम्मं टाकलं. पाकीट आलं तेव्हा ते मी फोडलं नाही, तसंच बाबांकडे नेलं. बाबांनी अंगणात उभं राहून फोडलं. सगळे कामाचे हात पुसत भोवती जमले. बाबांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं. निकेल मर्यादेच्या अर्ध्याहून कमी. विसाव्या दिवशी. नमुना पास, कारखाना चालू ठेवण्यास हरकत नाही.

पैलवान नाचला. मी मावशीच्या गळ्यात पडले. बाबा मावशीसमोर येऊन उभे राहिले, त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, ओठ हललेही. पण निघालं ते एवढंच, "ताई, राहिला हो कारखाना." आणि ते रडले. सगळ्यांसमोर, न लाजता.

"अजून खाली काहीतरी आहे," मावशी म्हणाली. तिचेही डोळे भरलेले होते, पण कागद अर्धा वाचून ठेवणं तिला जमत नाही.

खाली शेरा होता. बाबांनी डोळे पुसून वाचला. वापरलेले खत आम्लाने धुऊन निकेल वेगळे काढण्याची पद्धत समाधानकारक आढळली. पद्धत सुरू करणारे: कारखान्याचे फोरमन. पुढे काकांचं पूर्ण नाव होतं.

काका मागे उभे होते. म्हणाले, "परत वाचा."

"मी कशाला," बाबा म्हणाले. "तुमचं आहे, तुम्ही वाचा."

काकांनी चष्मा लावला. कागद दोन्ही हातांनी धरला आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचला. स्वतःच्या नावापाशी बोट थांबलं आणि तिथून हलेना.

"ताई," ते बोट तिथेच ठेवून म्हणाले, "चूक झाली होती हो माझी ती."

"झाली होती," मावशी म्हणाली. "म्हणून तर कळलं. चला, डावीकडचं पिंप भरत आलंय, त्याच्या आंघोळीचं बघू."